बारक्याची कबुली

घरात सगळ्यांत शेवटी जन्माला आला म्हणून त्याला बारक्या म्हणायला लागले, आणि पुढे तो दाराची चौकट कपाळाला लागेल इतका उंच झाला तरी नाव काही सुटलं नाही. वस्तीत नवीन आलेला माणूस बारक्याचं घर शोधत यायचा आणि नेमकं समोरच्या ताडमाड माणसालाच विचारायचा, बारक्या कुठे राहतो म्हणून. मग तो कमरेत वाकून, आवाज बारीक करून "मीच तो" म्हणायचा. ताईने हा प्रकार शंभरदा तरी पाहिला असेल, पण दर वेळी तिला हसू यायचं.

ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. बाप खाणीच्या धुळीने छाती भरून गेला आणि वर्षाच्या आत आईही गेली, तेव्हा बारक्या भिंत धरून चालायला लागला होता आणि ताई लग्नाच्या वयाला आली होती. तिने शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत काम धरलं. दिवसभर वाफेच्या इस्त्रीखाली ओल्या चादरी सरकवायच्या आणि पलीकडून कडक झालेल्या ओढून घ्यायच्या. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे चट्टे पडले. लग्नाची स्थळं आली दोन. त्या दोघांनाही बारक्या नको होता, म्हणून ताईला ते दोघे नको झाले. हे ती बाजारात दोन नासकी फळं परत केल्यासारखं सांगायची.

ती सगळी वस्ती खाणवाल्यांची. त्यांच्या पणजोबांना कधीकाळी बोटीत कोंबून दूरच्या मुलखातून इथे कोळसा खणायला आणलं होतं. खाण बंद पडून जमाना लोटला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. काळाकुळकुळीत वर्ण, आखूड कुरळे केस, रुंद नाक. शहरातल्या बाकीच्यांना खाणवाला दुरूनही ओळखू यायचा, पण जवळून मात्र एक खाणवाला दुसऱ्यापासून वेगळा ओळखू यायचा नाही. दुकानात खाणवाला शिरला की मालकाचा हात आपोआप गल्ल्याच्या खणावर जाऊन बसायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, आणि खाणवाल्यांनीही तो हात न बघितल्यासारखं करायची सवय लावून घेतली होती.

बारक्या काचवाला झाला. वस्तीतल्याच एका म्हाताऱ्या काचवाल्याच्या हाताखाली तो शिकला. काच कापायच्या हिरकणीने एकच रेघ मारायची, टेबलाच्या कडेवर हलकेच टेकवायची आणि मोडायची. दुसऱ्यांदा रेघ मारली की काच वाया गेली म्हणून समजायचं. पाठीवर लाकडी चौकट, तिच्यात उभ्या काचा, कमरेला काच चिकटवायच्या लांबीचा डबा, असा तो भरबाजारातून जायचा तेव्हा लोक आपणहून बाजूला व्हायचे. तो ताईला म्हणायचा, "या शहरात मला कुणी वाट करून देतं ते फक्त काचांपायी." घरी आला की ताई त्याच्या बोटांतली काचेची कुसळं दिव्याखाली धरून काढायची. लग्न झाल्यावर हे काम बायकोकडे गेलं, तेव्हा ताईला जरा चुकल्यासारखं वाटलं, पण तसं ती कुणाला बोलली नाही. मग मुलगी झाली. तिला तो खांद्यावर बसवून फिरायचा आणि दाराच्या चौकटीतून आत शिरताना गुडघ्यांवर बसून शिरायचा, म्हणजे पोरीचं डोकं आपटू नये.

अशात बाजारपेठेतल्या चष्मेवाल्याचा खून झाला.

भरदुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, कुणीतरी त्याला भोसकून गल्ला रिकामा केला. समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या, अर्धं शहर त्यांच्या हाताखालून गेलेलं, सगळे त्यांना बाई म्हणायचे. बाई कपडे वाळत घालायला गॅलरीत आल्या होत्या. दुकानातून एक माणूस पळत निघाला आणि गल्लीत वळला, तो त्यांनी पाहिला. पोलिसांना त्यांनी सांगितलं, उंच होता, खाणवाला होता.

पोलिसांना एवढं पुरे झालं. दुकानातल्या कपाटाच्या काचेवर, आतल्या बाजूने, बोटांचे ठसे मिळाले. वस्तीतल्या उंच माणसांच्या बोटांशी ताडून पाहिले तेव्हा ते बारक्याचे निघाले, आणि निघणारच होते. वर्षभरापूर्वी ती काच त्यानेच बसवली होती. काच आतून दाबून धरल्याशिवाय बसवता येत नाही, हे कुठल्याही काचवाल्याने सांगितलं असतं. पण काच कुणाकडून बसवून घेतली ते चष्मेवाल्यालाच ठाऊक होतं आणि तो आता बोलणार नव्हता. त्याच्या बायकोने सांगितलं, दुकानात कोण येतं कोण जातं याची मला काय कल्पना? खोटं नव्हतं तेही.

ओळख परेडला पोलिसांनी बाईंसमोर पाच-सहा माणसं उभी केली. सगळे खाणवाले होते, पण बाकीचे बारक्याच्या खांद्याला लागत होते. बाईंनी त्याच्याकडे बोट केलं. उंच म्हटल्यावर दुसऱ्या कुणाकडे करणार?

ताईला मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं ठाऊक होतं. त्या दुपारी बारक्या तिच्या लाँड्रीत होता. वाफ बाहेर जायच्या झरोक्याची काच तडकली होती, ती बदलायला मुकादमाने त्यालाच बोलावलं होतं. ताईने सांगितलं होतं, माझा भाऊ करेल, बाहेरच्यापेक्षा स्वस्तात करेल. काम झाल्यावर त्याने तिच्या डब्यातलं अर्धं जेवण खाल्लं आणि मीठ कमी आहे म्हणून कुरकुरही केली. तो शिडीवर असताना खालून शिडी धरून उभा होता तो स्वतः मुकादम. त्यामुळे बारक्याला नेलं तेव्हा ताई घाबरली, पण आतून निश्चिंत होती. भावजय रडायला लागली तर तिला म्हणाली, "रडतेस कशाला? चार लोकांनी पाहिलंय त्याला. मुकादम तर वरचा माणूस आहे, त्याचा शब्द कोण खोटा पाडणार?"

खाणवाले शहरातल्या बाकीच्यांना वरचे म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी ती मुकादमाकडे गेली. माणूस वाईट नव्हता. तिच्या आजारपणात त्याने कधी रजा अडवली नव्हती. त्याने सगळं ऐकून घेतलं, चादरींचा एक गठ्ठा उगाचच इकडून तिकडे ठेवला आणि म्हणाला, बघू, वेळ येईल तेव्हा बघू. वेळ आली तेव्हा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून तो म्हणाला, काचवाला आला होता हे खरं, पण तोच दिवस होता की आदला, ते मला नक्की आठवत नाही. खाणवाल्याला वाचवायला कोर्टात गेलेला माणूस म्हणून बाजारात त्याला ओळख नको होती. दोन मुलींची लग्नं व्हायची होती.

ताईने साक्ष दिली. सरकारी वकिलाने तिला एकच प्रश्न विचारला, आरोपी तुमचा कोण? भाऊ म्हटल्यावर तो न्यायाधीशांकडे बघून किंचित हसला आणि खाली बसला. लाँड्रीतल्या आणखी दोघी बोलल्या. त्या खाणवाल्याच, तेव्हा त्यांचंही बोलणं त्याच मापाने मोजलं गेलं. बारक्याला सरकारने दिलेला वकील होता. तो दर तारखेला धापा टाकत यायचा आणि बारक्याला दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने हाक मारायचा. एकदा ताईने त्याला सांगायचा प्रयत्न केला की काच बसवताना बोटं आतून लागतात, दुसऱ्या एखाद्या काचवाल्याला बोलवा. तो म्हणाला, हो हो, बघतो. कुणाला बोलावलं नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण ज्याला दंडाला धरून चढवतात त्याने काय करावं, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

बाईंची साक्ष सगळ्यांत मोठी ठरली. पांढरीशुभ्र साडी, शांत आवाज. त्यांनी बारक्याकडे बघून "हाच तो" म्हटलं आणि पदराने चष्मा पुसला. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं, की इतक्या प्रतिष्ठित बाई विनाकारण कुणाचं वाईट चिंतणार नाहीत. जन्मठेप झाली. बारक्या ऐकताना ताईकडे बघत होता. ताई कुणाकडेच बघत नव्हती. खालच्या फरशीचा एक तुकडा उडालेला होता, तेवढाच तिला दिसत होता.

तुरुंग शहराबाहेर होता. भेटीच्या खोलीत मधे जाड काच आणि बोलायला फोन. पहिल्या भेटीत बारक्या फोन उचलायच्या आधी काचेच्या कडेवरून बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "कुणी बसवलीय गं ही? लांबी भरलीच नाही नीट. वर्षभरात खुळखुळणार." ताई हसली आणि मग हसताहसताच तिचा बांध फुटला. भावजय शेजारी मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरगी काचेवर थापट्या मारत होती आणि त्याला बाहेर ये म्हणत होती.

भावजय दोन-तीन वर्षं येत राहिली. मग तिच्या माहेरच्यांनी तिला दुसऱ्या शहरात नेलं. जायच्या आदल्या दिवशी ती ताईकडे आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. शाळेत पोरीला खुन्याची मुलगी म्हणतात, असं म्हणाली. ताईने तिला आत घेतलं, चहा पाजला. तुझं वय काय आहे, तू जा, म्हणाली. मनात राग होता, पण तो हिच्यावर काढायचा नाही एवढं तिला कळत होतं. एकच गोष्ट मागितली, पोरीला सुट्टीत माझ्याकडे पाठवत जा. भावजयीने तो शब्द पाळला. दर सुट्टीत पोरगी आत्याकडे यायची आणि आत्या तिला सांगायची, तुझा बाबा निर्दोष आहे. त्या दुपारी तो कुठे होता, काय बोलला, मीठ कमी म्हणून कशी कुरकुर केली, सगळं. एखादीला राजाराणीची गोष्ट आवडावी तशी पोरीला ही गोष्ट आवडायची. ती मधेच थांबवून म्हणायची, "आत्या, तू विसरलीस, शिडीचं राहिलं."

मुकादम लाँड्रीतच होता. रोज सकाळी तो कामं वाटायचा आणि ताई घ्यायची. त्याने तिला सगळ्यांत हलकं काम द्यायला सुरुवात केली, उशांचे अभ्रे, लहान मुलांची दुपटी. ती ते निमूट करायची. अळीमिळी गुपचिळी. दोघांनीही परत तो विषय काढला नाही. निवृत्त होताना त्याने सगळ्यांना मिठाई वाटली, तिच्यापुढेही डबा धरला. तिने एक तुकडा उचलला, तोंडात नाही घातला.

बारा-तेरा वर्षं गेल्यावर ताई एक दिवस बाजारपेठेतल्या त्या इमारतीचे जिने चढली. आधी का नाही गेली, असं पुढे तिचं प्रकरण हाती घेतलेल्या वकीलीणबाईंनी विचारलं. वरच्यांच्या इमारतीत खाणवाली बाई कामवाली म्हणून शिरते, जाब विचारायला शिरत नाही. एवढंच कारण असावं.

बाईंनी दार उघडलं. केस पूर्ण पांढरे, हातात काठी. त्यांनी ताईला ओळखलं नाही, ती काम मागायला आली असं त्यांना वाटलं. ताईने कोण ते सांगितलं. बाई दारातून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, आत या. ताईला त्यांनी खुर्ची दिली. तिने उभं राहूनच विचारलं.

"बाई, तुम्ही त्याचा चेहरा पाहिला होता का?"

"मी खोटं बोलले नाही," बाई म्हणाल्या.

"खोटं बोललात असं मी म्हणत नाही. चेहरा पाहिला होता का, एवढंच विचारते."

बाई गॅलरीच्या दाराकडे बघत राहिल्या. तिथून खाली चष्म्याचं दुकान दिसायचं, आता तिथे चपलांचं दुकान होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "पाठ पाहिली. वळताना क्षणभर बाजू दिसली. खाणवाला वाटला. गल्लीत सावली होती, सावलीत कुणीही..." त्या थांबल्या. "पोलीस म्हणाले, माणूस सापडलाय, ठसे जुळलेत, फक्त तुम्ही ओळखा. मला वाटलं, त्यांना माहीतच आहे तर मी आडकाठी कशाला करू? आणि मला तुमच्यातले..."

"सगळे सारखे दिसतात," ताई म्हणाली.

बाई खाली बसल्या. त्यांच्या वर्गात एक खाणवाला मुलगा होता, वर्षभर त्याला त्याच्या चुलतभावाच्या नावाने हाक मारत होते, तो ओ द्यायचा, असं काहीतरी त्या बोलत राहिल्या. ताईला ते ऐकायचं नव्हतं. कोर्टात येऊन सांगाल का, एवढंच तिने विचारलं. बाई म्हणाल्या, सांगेन.

आणि त्यांनी खरंच सांगितलं. ताईने एक वकीलीणबाई गाठल्या, तरुण, चिवट, वरच्यांपैकी असूनही या कामात पडलेल्या. त्यांनी अर्ज केला. बाई मुलाचा विरोध पत्करून, काठी टेकत कोर्टात आल्या आणि म्हणाल्या, मी चेहरा पाहिला नव्हता. ताईला त्या दिवशी पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. पण सरकारी वकिलाने बाईंना सकाळी काय खाल्लं ते विचारलं, गेल्या आठवड्यात डॉक्टरांकडे कशासाठी गेला होता ते विचारलं, आणि त्या दोनदा चुकल्या. कोर्ट म्हणालं, घटनेनंतर लगेच दिलेली साक्ष विश्वासार्ह, इतक्या वर्षांनी वृद्धत्वात बदललेली नाही. बाई ओळखते म्हणाल्या तेव्हा त्यांचा शब्द सोन्याचा होता, ओळखत नाही म्हणाल्या तेव्हा पितळेचा झाला. वर्षभरात बाई वारल्या.

आता एकच दार उरलं होतं. इतकी वर्षं काढलेल्या कैद्याला एका समितीपुढे नेत. तिघे जण असत. वागणूक बरी असेल आणि केल्या कृत्याचा पश्चात्ताप असेल तर ते सोडायची शिफारस करत. बारक्याची वागणूक चांगली होती. तुरुंगाच्या सगळ्या खिडक्या तोच दुरुस्त करायचा. समितीने त्याला विचारलं, पश्चात्ताप होतो का? तो म्हणाला, मी केलंच नाही, तर पश्चात्ताप कशाचा करू? समितीने नोंद केली की कैदी अजून गुन्हा मान्य करत नाही. परत पाठवला. दोन वर्षांनी पुन्हा तेच विचारलं, पुन्हा त्याने तेच सांगितलं.

तिसऱ्या वेळेपर्यंत त्याचा खोकला खोल गेला होता. ताईला तो आवाज ओळखीचा होता. लहानपणी भिंतीपलीकडून बापाचा असाच यायचा. काचेपलीकडे बसलेला भाऊ तिला आता खरोखरच बारका दिसायला लागला. खांदे आत गेले होते, गळपट्टी सैल झाली होती. वकीलीणबाईंनी तिला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, कबूल केलं तर सोडतील. मात्र एकदा कबूल केलं की पुढे काही सिद्ध करणं अवघड. ताईने आठवडाभर विचार केला. त्या आठवड्यात तिने इस्त्रीखाली दोन चादरी जाळल्या.

फोनवर ती म्हणाली, "बारक्या, म्हणून टाक."

"काय म्हणून टाकू?"

"त्यांना हवं ते."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "ताई, मी आत जगलो ते एवढ्यावरच जगलो गं. बाकी काय आहे माझ्याकडे?"

"मी आहे ना," ताई म्हणाली. "मला तू घरी मरायला हवायस. इथे नको. शब्दच आहेत, बोल आणि बाहेर ये. आपल्याला खरं ठाऊक आहे, बस झालं."

तो काचेच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा म्हणाला, "तू सांगतेस म्हणून."

समितीला नुसतं हो चालत नव्हतं. कसं केलं, कुठून शिरलास, वार कुठे केलास, त्या क्षणी मनात काय होतं, सगळं विचारलं. बारक्याने खटल्यात ऐकलेलं सगळं सांगितलं. इतकी वर्षं ऐकून ऐकून ते त्याला खऱ्यापेक्षा जास्त पाठ होतं. तिघांतल्या एका सदस्याने त्याची पाठ थोपटली आणि म्हणाला, आता मन हलकं झालं ना?

तो घरी आला. ताईने भिंतीशी पलंग टाकला होता. पहिले काही दिवस तो दार उघडायचं विसरायचा. दारापाशी जाऊन कुणीतरी उघडेल म्हणून उभा राहायचा. ताई उठून उघडायची. काम करायची त्याची इच्छा होती, पण काचवाल्याला लोकांच्या घरात शिरावं लागतं, आणि कबूल केलेल्या खुन्याला घरात कोण घेणार? वस्तीतलेसुद्धा आता दबकून वागायला लागले. निर्दोष सुटून येईल म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं ताईला धीर दिला होता, त्यांनीच आपसांत म्हटलं, आग असल्याशिवाय का धूर निघतो?

बातमी पेपरात आली होती. चष्मेवाल्याच्या मारेकऱ्याला अखेर पश्चात्ताप, असा मथळा होता. मुलीने तो वाचला. ती आता नोकरी करत होती, त्या शहरात स्वतःच्या खोलीवर राहत होती. बाबा सुटल्यावर ती आली ती त्याला भेटायला नव्हे, ताईला विचारायला. त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आत्या, मी लहानपणापासून सगळ्यांशी भांडले. शाळेत भांडले, आईशी भांडले. तू सांगितलंस म्हणून. मग यांनी हे का सांगितलं?"

ताईने समजावलं, समिती कशी असते, खोकला कसा होता, मीच कसं बोलायला लावलं. मुलगी ऐकत होती. पण ताईला बोलताबोलताच जाणवलं, की शिडीची, डब्याची गोष्ट सांगताना जो आवाज लागायचा तो आता लागत नाही. आपणच बनवून सांगतोय असं वाटत होतं. मुलगी म्हणाली, "म्हणजे लाँड्रीतल्या त्या दोघीही तेव्हा तुझ्या सांगण्यावरूनच बोलल्या असतील, असं कुणी म्हणालं तर?" आणि ती निघून गेली. बारक्या पलंगावर बसून होता. त्याने सगळं ऐकलं होतं. जेवायला बस म्हटल्यावर तो जेवायला बसला.

याच्यापुढचं जे झालं ते झालं नसतं तर बरं, असं ताई म्हणायची. दूरच्या एका इस्पितळात एक माणूस मरायला टेकला होता. खाणवाला नव्हता. वरचाच, चष्मेवाल्याचा जुना भागीदार, उन्हातान्हात हिंडून रापलेला, उंच. मरताना त्याने डॉक्टर आणि दोन नर्सांसमोर सांगितलं, तो मी मारला, पैशांवरून भांडण होतं, एक काळा माणूस माझ्यापायी आत गेला. डॉक्टर सरळ माणूस होता, त्याने ते पोलिसांना कळवलं. वकीलीणबाई धावतपळत ताईकडे आल्या. इतक्या वर्षांत त्यांना ताईने अशा आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

कोर्टाने या वेळी लवकर निकाल दिला. मरणाच्या दारातल्या, औषधांच्या गुंगीतल्या माणसाचं बोलणं एका बाजूला आणि स्वतः आरोपीने शुद्धीत, बारीकसारीक तपशिलासह, कुणी मारझोड न करता दिलेली कबुली दुसऱ्या बाजूला. अर्जदाराला आपला गुन्हा मान्य आहे, मग कोर्टाने पुन्हा कशात लक्ष घालायचं? अर्ज फेटाळला. वकीलीणबाई कोर्टाच्या पायऱ्यांवर खाली बसल्या आणि रडायला लागल्या. ताईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिला स्वतःला रडू आलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं लोक म्हणतात. इथे संन्याशानेच सुळी मागून घेतली होती, आणि मागायला लावली होती तिने.

मुलीच्या कानावर ही बातमीही गेली. ती परत आली. या वेळी ती सरळ बापासमोर जाऊन बसली. लहानपणी ती त्याला अरे-तुरे करायची. आता म्हणाली, "तुम्ही केलं नव्हतं ना?"

बारक्याने आधी ताईकडे पाहिलं. मग मुलीकडे बघून, समितीपुढे बसतात तसा ताठ बसून, हळू आवाजात विचारलं, "काय सांगू? तुला काय हवंय ते सांग, तसं सांगतो."

"नाही केलं गं त्याने," ताई म्हणाली.

"आत्या, मी त्यांना विचारतेय."

तो काहीच बोलला नाही. मुद्दाम गप्प होता असं नव्हे. एखाद्या खोलीत काही शोधायला जावं आणि काय शोधायला आलो तेच विसरावं, तसं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मुलीने थोडा वेळ वाट पाहिली. मग तिने त्याचा हात हातात घेतला आणि काहीही न विचारता बसून राहिली.

तो त्यानंतर फार जगला नाही. मुलगी येत राहिली, औषधं आणायची, त्याचे केस कापायची. तो प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही आणि त्यानेही आपणहून काही सांगितलं नाही. शेवटच्या दिवसांत ताई त्याच्या उशाशी बसायची आणि वाट बघायची, की एकदा तरी तो म्हणेल, मी केलं नव्हतं. तिला स्वतःसाठी ते ऐकायचं होतं. कारण ते खरं रात्रंदिवस जवळ बाळगणारी ती एकटीच उरली होती, आणि एकट्या माणसाला ठाऊक असलेलं खरं किती दिवस खरं राहतं, याचा तिला भरवसा वाटेनासा झाला होता. पाणी हवं का विचारलं की तो हो म्हणायचा. नको का विचारलं, तरी हो म्हणायचा.